निळी टोपी

बाहेर सेहेचाळीस, इन्क्युबेटरमध्ये पंचेचाळीस.
मे महिन्यात आमच्या जंतूंना
नागपूरपेक्षा एक अंश सुखात ठेवतो आम्ही.
वीज गेली तर रूपचंद म्हणतो,
"दार उघडं टाका मॅडम, काम भागते."

बाटलीत काळं तेल, बोटभर,
दूर पश्चिमेकडच्या एका दमलेल्या विहिरीतलं.
पंपांनी ओढायचं तेवढं ओढून झाल्यावर
दगडाच्या फटींत चिकटून राहिलेली
खरवड.
वर त्याच खोलीतलं खारं पाणी
आणि पाण्यात ते,
ज्यांनी कधी सकाळ पाहिली नाही,
ज्यांना आपला श्वास म्हणजे विष.

थेंबभर गुलाबी रंग घालायचा.
गुलाबी आहे तोवर प्राणवायू आहे.
नायट्रोजन सोडत राहायचा,
रंग उडाला की रबरी बूच,
वर ॲल्युमिनियमचं झाकण,
मग नुसती वाट.

पंगत आहे ती.
पहिले बसतात ते तेलाच्या लांब साखळ्या चावतात,
त्यांचं उष्टं दुसऱ्यांच्या पानात,
दुसऱ्यांचं तिसऱ्यांच्या,
आणि सगळे उठून गेल्यावर
उरल्यासुरल्यावर बसतात सगळ्यांत जुने.
त्यांच्या ढेकरेतून निघतो तो वायू
ज्याच्यासाठी दिल्लीहून दर तिमाहीला पत्र येतं :
प्रगती कळवा.

काय कळवू?
दिवस साठ. काही नाही.
दिवस एकशे दहा. काही नाही.
दिवस एकशे साठ. आलेखावर
उंदराच्या दाताएवढं टोक.
झिरो माइलच्या दगडावर
कुठल्या कुठल्या गावांची अंतरं कोरलीयत,
खाली किती, ते कोणी कोरलं नाही.
रोज स्कूटरवरून जाताना हे मनात येतं
आणि सिग्नल सुटतो.

बाबा सिल्लेवाड्याच्या खाणीत सरदार होते.
पाळीच्या आधी खाली उतरायचं,
कंदिलाची वात बारीक करून छताशी धरायची,
ज्योतीवर निळी टोपी चढते का बघायची.
टोपी जितकी उंच, तितकं मरण जवळ.
एकदा चढली.
बाबांनी शिट्टी फुंकली, एकोणीस माणसं वर आली.
विसावा, झिबल नान्हे,
डबा राहिला म्हणून मागे वळला होता.
त्यानंतर कितीतरी वर्षं
आमच्या घरात गॅसची शेगडी आली नाही.
आई सिगडीवरच रांधायची
आणि आम्ही कधी विचारलं नाही.

दोनशे बाराव्या दिवशी बाबा स्वतःहून आले.
दुपट्टा डोक्याला गुंडाळलेला, जिना चढून धाप लागलेली.
"काय पिकवून राहिली व तू इथं?"
मी सांगितलं.
बाटली क्रमांक सतराकडे ते बराच वेळ बघत बसले.
"याले तं आमी हाकलत होतो. पंखे लावू लावू."
"हो."
"आन् तुमी याले खाऊ घालून राहिले."

सुई बुचातून आत घातली, तीन मिली ओढला.
पंखा बंद. दिवा बंद.
रूपचंदने काडी ओढली.
सुईच्या टोकाशी नखाएवढं निळं,
आहे म्हणावं तर आहे.
बाबांचा हात कमरेला गेला,
जिथं कंदिलाचा आकडा असायचा.
टाळी वाजवायला उचललेले हात
रूपचंदने तसेच खाली घेतले.

नऊ सेकंद.

"झिबलच्या येळी याहून मोठी होती,"
बाबा अंधारातच म्हणाले.
आणि थोड्या वेळाने,
"तिकडं खाली विहिरीत सोडसान यायले,
तं आता बस, असं सांगन कोन?"

वहीत लिहिलं :
दिवस २१२, बाटली १७, वायू ३ मिली, जळतो.
शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवून ठेवलं,
शाईचा ठिपका पसरत गेला.

घरी जाताना ते मागे बसले होते.
झिरो माइलच्या सिग्नलला
मी नेहमीसारखी दगडाकडे पाहिलं.
आरशात बाबा दिसले.
ते रस्त्याकडे बघत होते,
सरळ खाली,
चपलेचा अंगठा डांबरावर टेकवून,
जणू कोणी आतून ठोठावतंय.